सांगितलं तसंच बोलणाऱ्या सिस्टर

देऊळघाट मागे पडलं, डांबरी रस्ता सुटला आणि पायाखाली गाडवाटेची माती आली, तेव्हा कुठे संजीवनी सिस्टर पहिल्यांदा थांबल्या. बाभळीच्या बुंध्याला एक हात टेकवून त्यांनी उजवा पाय वर घेतला, तळव्यात रुतलेला काटा चिमटीत धरून उपसला, आणि दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं त्याच्याकडे पाहून तो पुन्हा खाली ठेवला.

"सिस्टर, आता तरी चप्पल घाला," अश्विनी म्हणाली. तिच्या हातातल्या पिशवीत सिस्टरांच्याच चपला होत्या. बुलढाण्याहून निघाल्यापासून तीन तास ती त्या वागवत होती.

"राहू दे व. येताना लागतील."

"येताना आपण ऑटो करू."

"येताना तुले काय करायचं ते करजो. जाताना नाही."

अश्विनीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चौतीस वर्षं वॉर्डात उभं राहून पिंडऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं झालेलं, आणि अनवाणी निघालेली. थंडीचे दिवस होते म्हणून बरं. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं उभी होती, शेंगा वाळून खुळखुळत होत्या. कुठे हरभरा घाटे धरत होता. दूर कुणीतरी मोटार चालू केली होती, तिचा एकसुरी आवाज येत होता.

अश्विनीला चालायची हौस नव्हती. ती आली होती एकाच गोष्टीसाठी. मागच्या बुधवारी सिस्टरांचा फोन आला होता. "रविवारी येते का माह्यासंगं? नदीच्या डोहावरच्या साती आसरांच्या ठाण्यापर्यंत चालत जायचं हाय. तुह्या आईचे शेवटचे शब्द तिथी सांगते तुले." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला होता. तेव्हापासून अश्विनीला चार रात्री नीट झोप नव्हती.

तसे आईचे शेवटचे शब्द तिला पाठ होते. वडनेर भोलजीच्या त्यांच्या घरात ते लहान लेकरालाही पाठ होते. आई, म्हणजे शालूबाई, बाळंतपणाला माहेरी आली होती. तिथून तिला बुलढाण्याला एका ट्रस्टच्या दवाखान्यात आणलं. तिसरी मुलगी झाली, ती अश्विनी, आणि तासाभरात शालूबाई गेली. जाताना म्हणाली, "आसरामाय, माझं लेकरू वाचव." लेकरू वाचलं. किसनरावांनी दुसरं लग्न केलं नाही. आजीनं तिघींना वाढवलं, आणि अश्विनीनं ताटात भाजी टाकली, शाळेला दांडी मारली, ताप काढला, काहीही झालं तरी ते वाक्य निघायचंच. "तुह्या मायनं तुह्यासाठी जीव दिला बरं!"

देवघरात आईचा फोटो होता. अश्विनी रोज आंघोळ करून त्याच्यासमोर हात जोडायची, मग देवाला. हा क्रम तिनं कधी कुणाला सांगितला नव्हता. पण त्या वाक्याला दुसरीही एक बाजू होती. मोठी बहीण रेवती त्या वेळी सहा वर्षांची होती, मधली सारिका साडेतीन. अश्विनीच्या लग्नात बांगड्या भरताना रेवती कुणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच म्हणाली होती, "मायनं जाताना तुहं नाव काढलं. आमचं नाही काढलं." रागानं नव्हती म्हणाली. बांगडीचं माप सांगावं तशी म्हणाली होती. तेव्हापासून अश्विनीला ते वाक्य सोन्यासारखं वाटायचं आणि ओझ्यासारखंही.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी वडील पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना त्याच दवाखान्यात भरती केलं, तेव्हा जे घडलं ते तिला देवाचीच योजना वाटली होती. ताप पाहायला आलेल्या सिस्टरांनी केसपेपर वाचला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"वडनेर भोलजीचे किसनराव? मंडळींचं नाव शालू होतं का?"

"हो. माझी आई. तुम्ही ओळखता?"

सिस्टरांनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की तिला अवघडल्यासारखं झालं. मग त्या म्हणाल्या, "तू जन्मली तवा मी ड्यूटीवर होती," आणि थर्मामीटर झटकत पुढच्या खाटेकडे गेल्या.

घरातलं ते वाक्य आणि त्यावर रेवती काय म्हणाली तेही अश्विनीनं सिस्टरांना सांगून टाकलं. त्यानंतर कितीदा विचारलं असेल! आई कशी दिसत होती? मला पाहिलं का तिनं? फार त्रास झाला का? सिस्टर कधी सलाइन बदलायच्या, कधी रजिस्टर उघडायच्या, कधी नुसतं म्हणायच्या, "सांगीन व एखाद दिवस." निवृत्तीनंतर संक्रांतीच्या वाणाला घरी आल्या, अश्विनीच्या श्रेयसला खाऊ घेऊन आल्या, त्याचे गृहपाठ तपासून गेल्या. पण ते सांगितलं नाही.

आणि आज सांगणार होत्या.

"चाल," सिस्टर म्हणाल्या. "ऊन चढून राह्यलं."

थोडं पुढे गेल्यावर समोरून एक मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन होत्या आणि वर मफलर गुंडाळलेला एक पन्नाशीचा माणूस. तो पुढे गेला, करकचून ब्रेक लावला आणि पाय टेकवत टेकवत मागे आला.

"सिस्टरबाई! अवं, तुमी अनवाणी? अन् मी गाडीवर? पाप लागल मले!"

"लागू दे. आधीचं कमी हाय का तुह्याजवळ?" सिस्टर म्हणाल्या. "माय कशी हाय रे भागवत?"

"लय मजेत. काल सुनेसंगं भांडली. आज सकाळी माह्यासंगं. दुपारी आता शेजारीण हाय." मग त्यानं अश्विनीकडे पाहून मफलर खाली केला. "ताई, तुमी यांच्या कोण?"

"ओळखीची."

"मंग तुमाले सांगतो. मी हिच्या नावानं दवाखान्यात अर्ज केला होता. कंप्लेंट! काऊन, ते विचारा."

"जाऊ दे न रे," सिस्टर म्हणाल्या.

"नाही, सांगू द्या. माही माय भरती होती. न्युमोनिया. तिनं यांचा हात धरला अन् म्हणे, सिस्टर, देवाले सांगा, मले घेऊन जा म्हणा. मी तिथीच उभा. मले वाटलं सिस्टर म्हणतील, असं नसते बोलायचं आजी, तुमी बऱ्या होता. कोणतीही नर्स तेच म्हणल ना? तर यांनी हात जोडले, डोळे मिटले अन् म्हणाल्या, देवा, या माय म्हणून राह्यल्या का त्याईले घेऊन जा. माह्यासमोर! मी तर भडकलोच. साहेबापाशी गेलो. साहेबानं यांले बोलावलं. तर ही बाई काय म्हणे मालूम हाय? म्हणणं त्याईचं होतं साहेब, मी फक्त पोचवलं."

"मग?" अश्विनीला हसू येत होतं.

"मंग काय! आठव्या दिवशी माय घरी. वरून म्हणते कशी, देवानंही ऐकलं नाही मेल्यानं, सिस्टरनं एवढं सांगूनही." तो खो खो हसला. "पण ताई, एक सांगतो. त्या आठ दिवसांत माय कोणाचं ऐकत होती तर यांचं. गोळी यांच्याच हातून घे. म्हणे, या बाईनं माहं खरं मानलं."

त्यानं गाडीवर बसायचा फार आग्रह केला. सिस्टर हलल्या नाहीत. शेवटी तो कॅनच्या झाकणात दूध देऊ लागला, तेही त्यांनी परत केलं. मग तो गेला आणि वाटेवर पुन्हा तुरीच्या शेंगांचा आवाज तेवढा राहिला.

अश्विनीला भागवतचं सांगणं खोटं वाटलं नाही. वडिलांपाशी बारा दिवस काढताना तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. वॉर्डात डॉक्टर येऊन गेले की खरी गर्दी सिस्टरांभोवती व्हायची. ऑपरेशनला नेण्याआधी बायका त्यांचा हात धरायच्या. एक भिमाबाई म्हणून होती, गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं तिचं. ती म्हणाली, "मले गुंगी देतील. मंग माह्यानं बोलणं होणार नाही. तुमी आमच्या मरीमायले सांगा, भिमीले टेबलावरून उतरव म्हणा. दहीभाताचा निवद देईन." तिथे निवेदिता नावाची एक शिकाऊ नर्स होती, शहरातली, गोड स्वभावाची. ती पटकन म्हणाली, "आजी, पुरणपोळीचा देऊ की नैवेद्य! मीच सांगते देवीला."

सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं. हळू बोलल्या, पण अश्विनीला ऐकू आलं. "तिनं दहीभात म्हटलं ना? मंग दहीभात. डॉक्टरनं पाच मिली लिहिलं तर तू चांगुलपणानं दहा देते का?"

"पण सिस्टर, देवाला काय..."

"देवाले काय चालते ते तुले मालूम नाही अन् मलेही नाही. बाईनं काय सांगितलं ते मालूम हाय. तेवढंच बोलायचं."

आणि त्या तसंच करायच्या. खाटेशी उभं राहून, बाईचं नाव घेऊन, तिच्याच बोलीत, तिनं सांगितलेले शब्द. कुणी मुंजोबाला सांगायचं, कुणी पिराला, कुणी नुसतंच 'वरच्याला'. एकीनं नवऱ्याची दारू सुटू दे असं सांगितलं, एकीनं सासू आधी जाऊ दे असंही सांगितलं, आणि सिस्टर डोळाही न लववता तेही बोलल्या. अश्विनीनं एकदा धीर करून विचारलं होतं, "सिस्टर, तुमचा या सगळ्यावर विश्वास आहे का हो?"

"माहा असो का नसो. निरोप्याले कोणी इचारते का?"

त्या वेळी अश्विनीला ते उत्तर फार आवडलं होतं. घरी येऊन तिनं नवऱ्याला, वैजनाथला सांगितलंही होतं, की अशा माणसाच्या हातात माझी आई गेली हे काय कमी आहे?

नदी लागली. पैनगंगा तिथे फार मोठी नाही. जानेवारीत धार बारीक झालेली, पण एका वळणावर काळ्या खडकात खोल डोह होता आणि त्याच्या काठी करंजाखाली ओळीनं सात दगड शेंदूर लावून ठेवलेले. जुन्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे मातीत चमकत होते. बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला आसरा, पाण्यातल्या या देवी, धरतात, म्हणून या भागातल्या बायका ओटी भरायला इथे येत. शालूबाईचं माहेर नदीच्या पलीकडे, लिंबांची रांग दिसत होती तिथे.

"पाणी भराले इथीच येत असल तुही माय," सिस्टर म्हणाल्या.

त्या डोहात उतरल्या. ओंजळीनं पाणी आणून सातही दगड धुतले. कुंकू लावलं, नारळ ठेवला, खण ठेवला. अश्विनीला पिशवीतून हिरव्या बांगड्या काढायला सांगितल्या. मग पदरानं हात पुसून एका खडकावर बसल्या आणि समोरच्या खडकाकडे बोट केलं. अश्विनी बसली. बांगड्या तिच्या हातातच राहिल्या.

"मंगळवार होता," सिस्टरांनी सुरुवात केली. "सकाळचे दहा साडेदहा झाले असतील. मले नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. चोवीस वर्षांची होती मी. तू झाली, पण रडली नाही. निळी पडली होती. डॉक्टरीणबाई तुले घेऊन बाजूच्या खोलीत गेल्या. इकडे तुह्या मायचं रक्त थांबेना. दुसरे डॉक्टर आले. रक्त लावलं, इंजेक्शनं दिली. कोणी काही कमी नाही केलं, हे मी तुले शपथेवर सांगते असं नाही, पण मी तिथी होती. माहं काम तिच्या उशाशी. तिचा हात माह्या हातात."

"शुद्धीत होती ती?"

"पुरी. तुह्याएवढी शुद्धीत होती. ती मले म्हणे, सिस्टर, माह्या आवाजात जोर नाही राह्यला. तुमी बोला. आसरामायले ऐकू गेलं पाह्यजे. मी म्हटलं, सांग व, काय बोलू?"

सिस्टर थांबल्या. पुढचं वाक्य अश्विनीला माहीत होतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. डोळे भरून आले होते. या काठावर, आईच्या पाणवठ्यावर, ते शब्द ज्या बाईनं कानांनी ऐकले तिच्या तोंडून ते ऐकायचे होते. तिनं हात जोडले.

"ती म्हणे," सिस्टर म्हणाल्या, "आसरामाय, तुले एक जीव पाह्यजेच असल तर हे लेकरू घे. मले उठव. माह्या दोन पोरी घरी हायेत, रेवती अन् सारी. त्याईले माह्याबिगर कोणी नाही."

अश्विनीचे जोडलेले हात तसेच राहिले.

तिला वाटलं, सिस्टर दुसऱ्या कुठल्या बाईचं सांगताहेत. चौतीस वर्षांत किती बायका पाहिल्या असतील, सरमिसळ झाली असेल. ती तसं म्हणायलाही गेली. पण रेवती. सारी. घरात सारिकाला सारी फक्त आई म्हणायची, असं आजी सांगे. आईनंतर कुणीच म्हटलं नाही.

"हे... हे ती म्हणाली?"

"हाव."

"लेकरू घे म्हणाली? मला?"

"तुले तिनं पाह्यलं नव्हतं अजून. तू रडली नव्हती. तिच्या मनानं तू अर्धी गेलेलीच होती. अन् त्या दोघी तिच्या मांडीवर वाढल्या होत्या."

करकर आवाज झाला म्हणून अश्विनीनं खाली पाहिलं. हातातल्या दोन बांगड्या पिचल्या होत्या. बोटाला काच लागून रक्ताचा थेंब आला होता, पण तिला दुखलं नाही.

"मग? तुम्ही बोललात?"

"नाही."

डोहावर एक खंड्या आला, पाण्यात सूर मारून गेला. सिस्टर त्याच्याकडे पाहत होत्या.

"माही जीभच उचलली नाही. मले वाटलं, आई असं बोलूच शकत नाही. भ्रमात बरळून राह्यली. अन् असलं पापाचं माह्या तोंडून कशाले? मंग मीच माह्या मनानं बोलली. हात जोडले अन् जोरानं बोलली, आसरामाय, या माउलीचं लेकरू वाचव. तेवढंच. तिच्यासाठी एक शब्द नाही बोलली मी. तिचं नावही नाही घेतलं. चांगली आई कशी बोलल ते मले मालूम होतं ना, शाळेच्या पुस्तकात होतं! ते मी बोलली."

"ते... ते वाक्य..."

"माहं होतं, अश्विनी. तुह्या मायचं नाही."

अश्विनी उठली. कुठे जायचं ते न कळून डोहापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मागून सिस्टरांचा आवाज येतच होता, वॉर्डात ड्यूटी सोपवताना सांगतात तसा, काही न गाळता.

"तिनं ऐकलं. डोळे मोठे केले. माह्याकडे पाह्यलं अन् म्हणे, मी असं नाही सांगितलं तुमाले. तेवढ्यात बाजूच्या खोलीतून तू रडली. ते ऐकल्यावर तिनं मान वळवली. मंग काही बोलली नाही. पंधरा मिनिटांत गेली. हे तिचे शेवटचे शब्द. मी असं नाही सांगितलं तुमाले."

"आणि आजीला? घरी सगळ्यांना..."

"मीच सांगितलं. दाराशी तुही आजी, म्हणजे तिची माय, बसली होती. तिनं माहे पाय धरले, म्हणे, काय बोलली व माही पोरगी? आता तिले मी काय सांगू? लेकरू वाचव म्हणाली, असं सांगितलं. म्हातारीले बरं वाटलं. ते वाक्य तुमच्या घरी जाऊन बसल, एवढं मोठं होईल, हे मले काय मालूम? दोन सालांआधी तूच मले मोठ्या अभिमानानं ऐकवलं ते, बापाच्या खाटेपाशी. तवा माह्या हातचं थर्मामीटर पडता पडता राह्यलं."

अश्विनी वळली. तिला राग आला होता, पण तो कुणावर ते ठरेना. सिस्टरांवर? आईवर? ज्या फोटोसमोर देवाच्याही आधी हात जोडले त्या फोटोवर?

"बारा दिवस होतो आम्ही तुमच्यासमोर! संक्रांतीला माझ्या घरी जेवलात. श्रेयसच्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा नाही का सांगता आलं?"

"नाही आलं."

"माझी बहीण चौतीस वर्षं समजून आहे की आईनं तिची आठवणच काढली नाही!"

"हाव. ते तू सांगितलं तवा कळलं मले. तेच तर झोपू देत नाही."

अश्विनीच्या डोळ्यांपुढे रेवती आली, सहा वर्षांची, शेंबडी, दारात उभी राहून बैलगाडीची वाट पाहणारी. मग एकाएकी तिला मागच्या पावसाळ्यातलं आठवलं. डेंग्यूनं ती स्वतः दवाखान्यात होती, प्लेटलेट उतरत होत्या आणि वैजनाथ देवाचं नाव घे म्हणत होता. तिच्या तोंडात देवाचं नाव येईना. श्रेयसची शाळा सव्वापाचला सुटते, एवढंच येत होतं. त्या वेळी कुणी सौदा मांडला असता, तर काय काय द्यायला ती तयार झाली असती? तिनं तो विचार पुढे जाऊ दिला नाही. ती परत येऊन खडकावर बसली.

मग तीच म्हणाली, "म्हणून तुम्ही वॉर्डात शब्दाला शब्द..."

"म्हणूनच. दुसऱ्या दिवसापासून. कोणाचंही म्हणणं असो, गोड का कडू, जसं सांगितलं तसं. पण ते बाकीच्यांचं झालं. हिचं राह्यलंच."

"तुम्हाला माफी पाहिजे का माझ्याकडून?" अश्विनीनं विचारलं. आवाज तिलाच परका वाटला. "म्हणून आणलंत का मला इथं?"

"नाही व. तू कोण माफी देणारी? तू तर बाजूच्या खोलीत होती." सिस्टर खडकावरून उतरल्या आणि तिच्यासमोर मातीत बसल्या. त्यांच्या पायाच्या तळव्यातून रक्त येऊन त्याला धूळ चिकटली होती. "ऐक. मी दर साली येते इथी, अशीच चालत. तिचं म्हणणं पोचवाले येते अन् न पोचवता जाते. पहिल्या साली वाटलं, आता बोलून काय फायदा, ती तर गेली. पण तिनं माह्याजवळ दिलं होतं ना! ते माह्याजवळच राह्यलं. बोलाले तोंड उघडलं का दिसे, ते लेकरू तर वाचलं, कुठंतरी खेळत असल. हे लेकरू घे, असं कसं बोलू? तवा तुहं नावही मालूम नव्हतं मले. अन् तुले पाह्यल्यापासून तर पुरतंच बंद झालं. माह्या तोंडून तो शाप होते, अश्विनी. कोणाच्याही तोंडून होते. तुह्या बापाच्या, बहिणीच्या, कोणाच्याही."

त्यांनी अश्विनीच्या मुठीतल्या बांगड्या एकेक करून सोडवल्या, फुटक्या बाजूला ठेवल्या आणि धड होत्या त्या सात दगडांसमोर मांडल्या. मग तिचा रक्त आलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"एका तोंडून नाही होणार तो शाप. तुह्या. लेकरूही तूच, बोलणारीही तूच. मले भेव वाटते तुले हे म्हणायचं. तू नाही म्हटलं तरी मी काही म्हणणार नाही, तुहं घर हाय, लेकरू हाय. पण मी साठीले आली, अन् हे दुसऱ्या कोणाले देता येत नाही." सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आत्ता तुले सांगितलं तेच, एक शब्द न गाळता. तुह्या मायनं सांगितलं तसं, मोठ्यानं, एकदा तू बोल. बोलशील का माय?"